घटसर्पाची तांती

अच्युत पारखे माणूस चांगला, पण त्याला एखादी गोष्ट सांगायची म्हणजे दोनदा सांगावी लागे आणि तिसऱ्यांदा हातवारे करावे लागत. यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. इंदूरच्या एका कपडा मिलच्या साचेखात्यात, म्हणजे जिथं यंत्रमाग चालतात तिथं, त्यानं बावीस वर्षं काढली होती, आणि दोनशे साचे एकदम खडखडायला लागले की माणसाच्या कानांचं जे होतं ते त्याच्याही कानांचं झालं होतं. तिथं तोंडानं कुणी बोलतच नसे. ओठ वाचायचे, बोटांनी खुणा करायच्या, आणि समजलं नाही तरी मान हलवायची. ही शेवटची सवय फार वाईट. तीच पुढं एका सबंध गावाला गोंधळात टाकणार होती, पण ते ओघानं येईलच.

कान गेले तसे त्याचे हात मात्र शहाणे झाले होते. जॉबर म्हणून पंचवीस साचे त्याच्या ताब्यात असत, आणि एखादा बिघडला की अच्युत आधी त्याच्या लोखंडी अंगावर तळवा ठेवायचा. धोटा सरळ धावतोय की अडखळतोय, कुठला पट्टा सैल झालाय, हे त्याला तळव्यातून कळे. नवे कामगार हसत. मग तो पाना घेऊन नेमका त्याच जागी हात घाली आणि हसणारे गप्प होत.

एक्क्याण्णवच्या डिसेंबरात एका सकाळी मिलचा भोंगा वाजलाच नाही. लोक डबे घेऊन गेटपर्यंत गेले तर गेटला टाळं आणि टाळ्यावर कागद. त्या वर्षी टीव्हीवर रोज सांगत होते की देश आता खुला होतोय, आणि इथं जे उघडं होतं तेच बंद झालं. पुढारी म्हणाले, दोन महिन्यांत पुन्हा चालू. अच्युतनं ते खरं मानलं. आदल्या दिवशी पाळी संपवून निघताना सुताचा एक कोन चुकून त्याच्या पिशवीत राहून गेला होता, पांढऱ्या सुताचा, अर्धामुर्धा उरलेला. मिल उघडली की परत नेऊन द्यायचा म्हणून त्यानं तो धोतराच्या जुन्या फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवला.

दोन महिन्यांची अडीच वर्षं झाली. कोन ट्रंकेतच होता. दर महिन्याच्या पंधरा तारखेला गेटसमोर मीटिंग भरे आणि अच्युत तिला इस्त्रीचा शर्ट घालून न चुकता जाई. तिथली भाषणं त्याला निम्मीसुद्धा ऐकू येत नसत. तरी तो जायचा, कारण आपण नाही गेलो तर मिल खरोखरच संपली असं होईल, अशी त्याला भीती वाटे. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला न सांगताच कळलं होतं.

बायको शारदा, सरकारी प्राथमिक शाळेत शिक्षिका. मिल बंद झाली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तिची बदली खंडवा रोडला सिमरोलच्या जरा अलीकडे, आंबाखेडी नावाच्या गावात झाली. इंदूरच्या परदेशीपुऱ्यातली खोली सोडून दोघं तिकडं राहायला गेले. शारदा रोज सकाळी शाळेत जायची आणि अच्युत ओट्यावर बसायचा. गावानं त्याला नावही दिलं नाही. मास्तरीणबाईंना माळवीत म्हणत बेनजी, आणि हा ‘बेनजी का घरवाला’. ज्या माणसाच्या एका खुणेसरशी पंचवीस साचे थांबत त्याला हे नाव किती लागलं असेल ते सांगायला नको. ओट्यावर बसायची त्याची वेळ तेवढी वाढली.

त्याला त्या ओट्यावरून उठवलं ते धापूबाईच्या म्हशीनं. धापूबाई समोरच राहायची, पन्नाशीची विधवा, मूलबाळ नाही, घरात ती आणि काळी म्हैस, दोघीच. म्हशीचं नाव राधी. एक दिवस राधीच्या घशात आंब्याची कोय अडकली. ती मान ताणून डोळे फिरवायला लागली आणि चार माणसं चार सल्ले देत उभी राहिली. अच्युत उठला, रस्ता ओलांडून गेला आणि सवयीनं तिच्या गळ्यावर तळवा ठेवला. हात सरकवत सरकवत एका जागी थांबवला, बाहेरून दोन अंगठ्यांनी रेटा दिला आणि कोय वर ढकलून तोंडातून काढली. त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. राधी साच्यापेक्षा सोपी होती, ती निदान नाकानं फुत्कारून सांगते तरी.

तिथून पुढं कुणाच्या बैलाचा खूर फाटला, कुणाच्या गाईच्या जखमेत किडे पडले, की लोक अच्युतला हाक मारू लागले; म्हणजे हाक ऐकू येत नसे म्हणून खांदा हलवून बोलवू लागले. महूच्या पशुवैद्यकीय कॉलेजात गावोगावच्या हौशी माणसांसाठी पंधरा दिवसांचं शिबिर होतं, तिथं जाऊन तो शिकून आला. जखम धुणं, ताप बघणं, सुई देणं, आणि आपल्याला जमत नाही ते डॉक्टरांना कधी कळवायचं, एवढं शिकला. शिकवणारे हिंदीतून सांगत आणि हा पहिल्या बाकावर बसून त्यांचे ओठ वाचत वहीत मराठीत उतरवून घेई. एखाद्या आजाराचं मराठी नाव आठवलं नाही तर घरी आल्यावर शारदाला विचारून लिही. सायकलच्या मागं पत्र्याची पेटी बांधून तो आंबाखेडी आणि आसपासच्या दोन-तीन वस्त्या फिरायला लागला. पैसे घेत नसे. कुणी गूळ दिला, कुणी हिरवे चणे दिले, तर शारदा डब्यात भरून ठेवी आणि म्हणे, “चला, तुमची पाळी सुरू झाली म्हणायची.”

एकच गोष्ट गावानं त्याला करू दिली नाही, ती लस. आदल्या वर्षी सरकारी दवाखान्याचे कंपाउंडर लस घेऊन आले होते. नेमकी त्याच आठवड्यात एक गाय गाभडली आणि दोन म्हशींचं दूध आटलं. लसीचा त्यात काही संबंध नव्हता, पण गावानं ठरवून टाकलं की सुई लागली की दूध जातं. कंपाउंडर दिसले की लोक जनावरं रानात हाकून देत. अच्युतनं समजावून बघितलं, आणि मग त्यानं हात टेकले.

चौऱ्याण्णवचा आषाढ लागला. एका दुपारी नाल्यापलीकडच्या वस्तीतून बोलावणं आलं म्हणून अच्युत गेला, तर तिथं म्हैस मरून पडलेली. सकाळी चारा खाल्ला होता, म्हणाले, आणि दुपारी संपली. तिचा गळा मडक्यासारखा सुजला होता, जीभ बाहेर, तोंडाला फेस. शेजारच्या गोठ्यात दुसरी म्हैस मान पुढं ताणून उभी होती. अच्युतनं तिच्या गळ्यावर हात ठेवला आणि तिथून आतली घरघर त्याच्या तळव्यात आली. पट्टा तुटायच्या आधी साचा असाच थरथरतो. वहीचं पान त्याच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. गळ्याला सूज, मोठा ताप, एका दिवसात मृत्यू, हवापाण्यातून पसरतो, म्हशींना जास्त.

नाल्याचं पाणी दोन्ही गावांची गुरं पीत होती. आंबाखेडीत दीडशेच्या आसपास जनावरं, आणि निम्म्याहून जास्त म्हशी. त्यातली एक राधी, जी गेली तर धापूबाईच्या घरात बोलायलासुद्धा कुणी उरणार नव्हतं.

तो सायकल मारत गावात आला आणि पारावर बसलेल्या लोकांसमोर धापा टाकत उभा राहिला. हिंदीत या आजाराला गलघोंटू म्हणतात, हे त्याला पाठ होतं. पण घाबरला माणूस की आपल्या भाषेत घाबरतो. त्याच्या तोंडून वहीतला मराठी शब्द बाहेर पडला. “घटसर्प! घटसर्प आया है! नाले के उस पार भैंस मर गई!”

लोकांनी त्यातला ‘सर्प’ तेवढा ऐकला. एकदम गलका झाला. कुणीतरी विचारलं, “कठे डस्यो?” म्हणजे कुठं डसला. अच्युतला फक्त ‘कठे’ दिसलं, ओठांवर. त्याला वाटलं, सूज कुठं येते ते विचारताहेत. त्यानं आपल्या गळ्याला हात लावून दाखवला. दुसऱ्यानं विचारलं, “बड़ो हे?” आजार मोठा आहे का, असं समजून यानं जोरजोरात मान हलवली. “और भी मारेगा?” हो, हो, मारेल तर काय, म्हणून यानं पुन्हा मान हलवली, सायकल वळवली आणि लस आणायला सिमरोलच्या दिशेनं निघून गेला. मागं गावात एक प्रचंड नाग तयार झाला, जो जनावरांच्या थेट गळ्याला डसत होता.

आता माळव्यात साप म्हटला की तेजाजी, सापाचं विष उतरवणारा देव. साप चावला की तेजाजीच्या नावानं धागा बांधायचा, त्याला तांती म्हणतात. बांधलेली तांती भादव्यात तेजा दशमीला देवाच्या ओट्यापुढं तोडायची. तोवर तिला हात लावायचा नाही. आंबाखेडीचा तेजाजीचा ओटा गावाच्या वेशीला, चिंचेखाली, आणि तिथला भोपा, म्हणजे पुजारी, भेरू बा. भेरू बा सत्तरीचा, अंगानं वाळका, पण त्याचा शब्द गाव खाली पडू देत नसे. संध्याकाळी लोक त्याच्याकडं गेले. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, उद्या सकाळी गावातलं एकूण एक जनावर ओट्यापुढं आणा.

इकडं सिमरोलच्या दवाखान्यात अच्युतनं कंपाउंडर अरविंदजींना गाठलं. अरविंदजी कामाला पक्के, पण आंबाखेडीचं नाव काढलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. लस आहे, म्हणाले, डॉक्टरसाहेबांची परवानगीही काढतो, पण भिया, तुमच्या गावात टोचायची कुणाला? गेल्या वर्षी मी चार गाढवांना टोचून परत आलोय. अच्युतनं त्यांचे हात धरले. शेवटी ते तयार झाले. रात्र दवाखान्यात काढून सकाळी दोघं निघाले, अरविंदजींच्या मोपेडवर, मध्ये बर्फ घातलेला मोठा थर्मास. अच्युत रस्ताभर मनात घरं मोजत होता. कोण ऐकेल, कोण दार लावून घेईल, कुणाला शारदाकडून सांगितलं तर मानेल. फार तर चाळीस जनावरं होतील, असा त्याचा हिशेब होता.

वेशीवर मोपेड थांबली आणि दोघं बघतच राहिले. चिंचेखाली सबंध गावाची गुरं उभी होती. म्हशी, गाई, बैल, वासरं, प्रत्येकाच्या दाव्याला एक माणूस. आदल्या वर्षी थर्मास बघून रानात पळालेले लोक आज मुकाट रांगेत होते. अरविंदजींनी विचारलं, हे तुम्ही कसं जमवलं? तेवढ्यात शारदा गर्दीतून वाट काढत आली. तिला शाळेत मुलांकडून सगळा उलगडा झाला होता. नवऱ्याला दिसेल असं तोंड समोर धरून ती म्हणाली, “अहो, काय बोलून गेलात काल? सगळं गाव सांप-सांप करतंय. घटसर्प म्हणालात ना? यांना तो साप वाटला.”

अच्युतला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि कळल्यावर त्याला कुठं तोंड लपवू असं झालं. शारदाला हसू आवरत नव्हतं, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत काळजीही होती. अरविंदजी त्याच्या कानाशी ओरडून म्हणाले की गप्प राहा, असा चान्स पुन्हा येणार नाही, धाग्याच्या नावाखाली टोचून मोकळे होऊ. शहाण्या माणसाचा सल्ला होता. अच्युतला तो पटलासुद्धा. पण उद्या यातलं एखादं जनावर गेलं, आणि लोकांना कळलं की देवाच्या नावानं बोलावून याच माणसानं सुई दिली, तर हे गाव पुन्हा आपल्याला गोठ्यात पाऊल टाकू देणार नाही, हेही त्याला दिसत होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे ते चुकीचं ठरणार नाही. मिलच्या गेटवर त्याला दोन महिन्यांचं सांगून अडीच वर्षं उभं केलं होतं. तसं कुणाला उभं करायचं त्याच्या जिवावर आलं.

तो भेरू बाकडं गेला आणि खाली बसून सगळं सांगून टाकलं. साप नाही, आजार आहे, माझ्या शब्दाची चूक झाली, मला ऐकू येत नाही, माफ करा. भेरू बानं चिलीम बाजूला ठेवली. अच्युतला नीट दिसावं म्हणून तो सावकाश बोलला.

“म्हने तो काल ई मालम थो, भिया. नाला का पार म्हारी छोरी परणई हे. सांप-वांप कोई नी, गलघोंटू हे.” मुलगी पलीकडच्या वस्तीत दिलेली, तिच्याकडून निरोप आधीच आला होता, आणि अच्युत सिमरोलला कशाला गेला तेही बानं ओळखलं होतं. “पण सुई को नाम लेतो तो एक भी ढोर नी आतो.”

भेरू बा गुडघ्यावर हात टेकून उठला, ओट्यावर चढला आणि त्यानं लोकांना खरं काय ते खणखणीत सांगितलं. गलघोंटू आलाय. त्याला सुई आहे. तेजाजीच्या ओट्यापुढून कुणी जनावर माघारी नेणार असेल तर खुशाल न्यावं. मग एकच वाक्य बोलला, ते गावात पुढं कितीतरी वर्षं म्हणत: “सुई नी तो तांती नी.”

थोडी कुजबुज झाली. एक-दोघांनी दावी ओढली, पण ओट्यापुढून पाठ फिरवायची हिंमत काही कुणाला झाली नाही. अच्युतच्या छातीवरचं ओझं उतरलं. कुणालाही फसवावं लागलं नव्हतं आणि एकही जनावर माघारी गेलं नव्हतं.

मग लक्षात आलं की तांतीचा धागाच पुरणार नाही. साप चावतात वर्षाला दोन-तीन, भेरू बाकडं तेवढाच धागा असायचा. आणि अरविंदजींनाही एक अडचण होती. एवढ्या घोळक्यात कुणाला टोचलं आणि कोण राहिलं हे समजणार कसं? एकाच म्हशीला दोनदा आणि दुसरीला एकदाही नाही, असं व्हायला वेळ लागत नाही. अच्युतनं शारदाकडं बघून हातानं खूण केली, निमुळता आकार हवेत काढला. मिलमध्ये कोन मागायची खूण. ती तिला कधी शिकवली नव्हती, तरी तिला कळली. ती घरी गेली आणि फडक्यात गुंडाळलेला कोन घेऊन आली.

फडकं सोडताना अच्युतचा हात जरा थांबला. अडीच वर्षांत सूत पिवळसुद्धा पडलं नव्हतं. भेरू बानं कोनाला कुंकू लावलं आणि काम सुरू झालं. अच्युत जनावराच्या कानामागं, गळ्यावर तळवा ठेवी, थर्मामीटर लावून ताप बघी. अरविंदजी मानेच्या कातडीत सुई देत. भेरू बा तेजाजीचं नाव घेई आणि अच्युत सुताचे वीस-पंचवीस पदर एकत्र पिळून, गळ्याभोवती घेऊन गाठ मारी. तुटलेलं सूत जोडायची विणकराची गाठ ती, बोटाच्या एका फिरकीत पडते आणि ओढली तर घट्ट होते. गाठ पडली की सुई झाली. ना चुकायची भीती, ना कागद. अरविंदजी म्हणाले, एवढं सोपं रजिस्टर त्यांनी नोकरीत बघितलं नव्हतं.

दुपारपर्यंत सव्वाशे झाली. मग राधीची पाळी आली.

अच्युतनं तिच्या गळ्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहिला. सूज अजून आली नव्हती, पण आत खोल कुठंतरी ती कालची थरथर सुरू झाली होती. थर्मामीटर काढलं तर एकशे सहा. ताप असलेल्या जनावराला लस द्यायची नाही, हा नियम त्याला पाठ होता. आजार आधीच अंगात असेल तर लस उलटते. अरविंदजींनी मान हलवली आणि सिरिंज खाली घेतली.

धापूबाई हे सगळं बघत होती. तिला एवढंच दिसलं की सगळ्यांच्या म्हशींना सुई मिळाली आणि आपल्या म्हशीला नाही. आणि सुई नाही तर तांती नाही, हे तर बानं सगळ्यांदेखत सांगितलेलं. ती मटकन खाली बसली. “म्हारी राधी ने ई छोड़ी दी?” ती म्हणाली. एवढंच, पण तिचं तोंड बघून अच्युतला गलबलून आलं.

त्यानं तिला खोटा धीर दिला नाही. तिच्यासमोर उकिडवा बसून सांगितलं की राधीला आजार लागला आहे, सकाळीच लागला असावा, म्हणून वेळेत सापडला. तिला वेगळी सुई द्यायची आहे, शिरेतून, आज, उद्या आणि परवा. वाचेल असं मी म्हणत नाही. पण सोडलेली नाही. मग त्यानं भेरू बाकडं बघितलं. भेरू बा आपल्याच नियमात अडकला होता. त्यानं दाढी खाजवली आणि म्हणाला की सुई ती सुई, वेगळी असली म्हणून काय झालं. अरविंदजींनी औषध दिलं, अच्युतनं तांती बांधली, आणि राधीला इतरांपासून लांब, धापूबाईच्या परसात नेऊन बांधलं.

पुढचे दोन दिवस अच्युतचा जीव टांगणीला लागला होता. दिवसा तो परसातच असे. चारा-पाणी वेगळं, बादली वेगळी, हात चुन्याच्या निवळीत धुवायचे. पहिल्या दिवशी संध्याकाळी गळ्याला सूज आलीच. कुंपणापलीकडून लोक बघून जात. काय मनात आहे ते अच्युतला ओठ न वाचता कळत होतं. राधी गेली तर तांती खोटी, सुई खोटी, आणि बेनजीचा घरवाला पुन्हा ओट्यावर. पण खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला गावाचं काही वाटेनासं झालं. धापूबाई म्हशीच्या कपाळावर हात ठेवून तिच्याशी बोलत होती, काय ते अच्युतला ऐकू येत नव्हतं, आणि त्याला वाटत होतं की ही म्हैस फक्त जगावी, बाकी काही नको.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो परसात गेला. धापूबाई भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली होती. त्यानं राधीच्या गळ्यावर तळवा ठेवला. घरघर नव्हती. त्याचा विश्वास बसेना म्हणून हात बदलून बघितला. मग गळ्याच्या आत कसलातरी गोळा वर सरकला आणि राधीचा जबडा हलायला लागला. ती रवंथ करत होती. अच्युतचा जीव भांड्यात पडला. त्यानं धापूबाईला हलवून उठवलं, तिचा हात घेऊन म्हशीच्या गळ्यावर ठेवला, आणि पन्नाशीतला तो माणूस तिथंच परसात रडला. धापूबाईनं त्याला रडू दिलं, आणि मग चहा ठेवायला गेली.

पलीकडच्या वस्तीत अकरा म्हशी गेल्या. आंबाखेडीत एक म्हातारा बैल गेला, आणि तो तसाही जाणारच होता असं त्याचा मालकच म्हणाला. पुढच्या आठवड्यात पलीकडच्यांनी स्वतः अच्युतला बोलावलं. अरविंदजींनी विचारलं, तिकडं तांतीचं काय करायचं? पण कोनावर सूत उरलं नव्हतं.

भादव्यात तेजा दशमी आली. इंदूरला त्या दिवसांत मिलवाल्यांची अनंत चतुर्दशीच्या झांक्यांची, म्हणजे चित्ररथांची, धांदल असते. मिल बंद पडली तरी झांकी निघायचीच, आणि अच्युत दर वर्षी त्या कामाला हात लावून यायचा. या वर्षी मात्र सकाळपासून तो तेजाजीच्या ओट्यावरच अडकला होता. सगळी गुरं पुन्हा चिंचेखाली आली होती, शिंगं रंगवलेली, आणि भेरू बाला तांत्या तुटेनात. रिवाज असा की तांती हातानं तोडायची, लोखंड लावायचं नाही. भेरू बानं एक ओढली, दोन्ही हातांनी ओढली, धागा बोटात रुतला आणि गाठ जास्तच घट्ट झाली. म्हैस वैतागून मागं सरकली आणि भोपा तिच्यासकट. लोक हसले. भेरू बा करवादला, “यो कई बांध्यो हे, भिया? देव से भी नी टूटे!”

मग तांत्या सोडायला अच्युतलाच बसवलं. विणकराची गाठ ओढून सुटत नाही. उलट्या अंगानं चिमटीत धरून पीळ मोडावा लागतो, मग ती अलगद उघडते. एकेक जनावर येत होतं, अच्युत गाठ उकलत होता, भेरू बा सुटलेला धागा घेऊन ओट्यावर ठेवत होता. लोक त्याला पारखे भिया म्हणत होते, कधीपासून म्हणायला लागले ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. शेवटी राधी आली. धापूबाईनं तिच्या शिंगांना चंदेरी रंग लावला होता. अच्युतनं तिची गाठ उकलली आणि गळ्यावरून सहज एकदा तळवा फिरवला. ओट्यावर पांढऱ्या धाग्यांचा ढीग झाला होता, आणि तो बघताना हे सूत कुठलं, हे त्याला आठवलंसुद्धा नाही.

संध्याकाळी घरी येऊन तो हातपाय धुऊन बसला. शारदानं दाल-बाफले केले होते. ताट वाढता वाढता ती थांबली, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं आणि त्याच्यासमोर येऊन बसली.

“अहो, आज पंधरा तारीख. गेट मीटिंग होती ना तुमची?”

अच्युतनं कॅलेंडरकडं बघितलं. पंधराच होती. अडीच वर्षांत पहिल्यांदा तो गेला नव्हता, आणि जायचं नाही असं ठरवलंही नव्हतं. नुसता विसरला होता. आता आपल्याला काहीतरी वाईट वाटेल म्हणून तो थोडा वेळ वाट बघत बसला. तसं काही वाटलं नाही. फार दिवसांनी पाठीचा कणा सैल सुटल्यासारखा वाटला आणि सपाटून भूक लागली.

“विसरलो,” तो म्हणाला, आणि ताट पुढं ओढलं.

शारदानं त्याच्या बाफल्यावर तूप वाढलं, नेहमीपेक्षा जरा जास्तच.